कागद वाचणाऱ्या कमलताई

कमलताई कागद आधी हुंगायच्या, मग वाचायच्या. समोरचा माणूस बघतच राही, पण त्यांना त्याचं काही नसे. "कडुलिंबाच्या पाल्यात ठेवला होता का हो?" असं विचारायच्या आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. कुठल्या कागदाला घासलेटाचा वास, कुठल्याला डाळीच्या डब्याचा. एकदा एक कागद नाकाशी धरून म्हणाल्या, "हा देव्हाऱ्यात होता. धूप खाऊन बसलाय नुसता." ज्याचा कागद होता तो गृहस्थ पायाच पडायला निघाला. त्याला वाटलं, बाईंच्या अंगात येतं.

अंगात काही येत नव्हतं. त्यांना उर्दू येत होतं. आमच्याकडं निजामाच्या काळातले शेताचे, वतनाचे, खरेदीचे सगळे कागद उर्दूत. राज्य गेलं आणि कागद तेवढे घराघरांतल्या ट्रंकांमध्ये राहिले. ते वाचू शकणारी पिढीही हळूहळू संपली. कमलताईंचे वडील त्या काळातले मास्तर. घरात मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी मुलीलाच दिवेलागणीला पाटी देऊन बसवलं. छापील उर्दू पुष्कळांना येतं. पण मुन्शी लोकांचं घाईघाईनं खरडलेलं, नुक्ते म्हणजे अक्षरांचे ठिपके गाळलेलं, एका अक्षरात दुसरं अडकलेलं शिकस्ता वाचणारी माणसं अख्ख्या लातूर जिल्ह्यात दोन-तीनच होती. त्यांतल्या एक कमलताई.

लातुरात राहत्या घराच्या समोरच्या खोलीत, खिडकीशी सतरंजी टाकून त्या बसायच्या. नोकरी कधी केली नाही. लग्न का केलं नाही, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. हात धुवून, पदराला कोरडे करून मगच कागदाला हात लावायच्या. सगळा कागद एकदा मोठ्यानं उर्दूत वाचायच्या, मग थोडा वेळ गप्प बसायच्या आणि मग मराठीत सांगायला लागायच्या. मधूनच लिहिणाऱ्याशी भांडण. "अहो मुन्शीजी, हा नुक्ता कुठं ठेवलात? घरी विसरलात?" एका मुन्शीचं नाव त्यांनी लंगडा ठेवलं होतं, कारण त्याचं 'लाम' हे अक्षर कायम एका अंगाला कललेलं. लंगड्याला जाऊन चाळीस-पन्नास वर्षं झाली असतील, पण ताई त्याच्याबद्दल बोलायला लागल्या की वाटायचं, हा इथंच मागच्या गल्लीत राहत असणार.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते भूकंपानंतर. आमचं गाव निलंग्याकडचं. घराच्या दोन भिंती पडल्या, माणसं वाचली. वरून पाऊस लागला. ढिगाऱ्यातून ट्रंक काढली तेव्हा आतल्या कागदांचा लगदा व्हायचाच बाकी होता. मी कॉलेजात होतो. वडील मला घेऊन कमलताईंकडं आले. ताईंनी ती ओली थप्पी बघितली आणि वडिलांवरच रागावल्या. "उन्हात कामून ठेवली नाही? बरं झालं नाही ठेवली, कडक झाली असती." मग त्यांनी एकेक कागद सोडवून वर्तमानपत्राच्या घड्यांत घातला, वर पोळपाट ठेवला आणि पोळपाटावर वरवंटा. "परवा या," म्हणाल्या.

परवा गेलो. वडिलांचा सगळा जीव एका मोठ्या, शिक्क्यावाल्या कागदात होता. ओढ्याकाठच्या शेताचा तोच कागद, असं आमच्या घरात दोन पिढ्या चाललेलं. दसऱ्याला आम्ही त्याला हळदकुंकू वाहायचो. ताईंनी तो वाचला, गप्प बसल्या, आणि म्हणाल्या, "हा तुमच्या आजोबांना रानातून लाकूड आणायचा परवाना आहे."

वडिलांचा चेहरा उतरला. तशा त्या लगेच पुढं म्हणाल्या, "घाबरू नका. शेताचा कागद हा आहे." आणि एक फाटका, वीतभरही नसलेला चिटोरा पुढं केला. ढिगाऱ्यातून काढताना आम्ही तो फेकूनच देणार होतो.

त्याच दिवशी तिथं एक म्हातारी बसली होती. पलीकडच्या, पार भुईसपाट झालेल्या गावची. घर गेलं, नवरा गेला. एका लष्करी जवानानं ढिगाऱ्यातून काढून दिलेला एवढा एक कागद हाती उरला, म्हणून तोच घेऊन आली होती. तिला वाटत होतं, घराचा असेल. ताईंनी वाचून सांगितलं, "आजी, ही बैल घेतल्याची पावती आहे. तुमच्या मालकांनी बाजारात बैल घेतला होता. पांढरा रंग, पाच वर्षं वय, डावं शिंग वाकडं."

म्हातारीनं कागदावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मालकाचं नाव हाय का त्यात?"

"आहे की. बापाच्या नावासकट आहे."

"वाचा बरं फिरून."

ताईंनी पुन्हा वाचलं. म्हातारीनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग एकदम हसली. "वाकड्या शिंगाचाच व्हता. लई मारका. लग्नाच्या वर्साला घेतला त्यांनी." आणि हसता हसता रडायला लागली. भूकंपानंतर ती रडलीच नव्हती, असं तिच्यासोबत आलेल्या पुतण्यानं बाहेर आल्यावर वडिलांना सांगितलं.

माझं अक्षर बरं होतं. "लिहून देशील का रे?" एवढंच ताईंनी विचारलं आणि मी त्यांच्याकडं जायला लागलो. त्या सांगायच्या, मी मराठीत उतरवून घ्यायचो. मी चुकून एखादा शब्द सुधारून लिहिला की त्यांना लगेच कळायचं. "दत्ता, कागद बोलतो तेवढंच लिही. तुझी भर नको."

मग लातुरात क्लासचा जमाना आला. गल्लोगल्ली पाट्या लागल्या. खेड्यापाड्यातून पोरं येऊन खोल्या करून राहायला लागली. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली पोरं अकरावीच्या विज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकापुढं गांगरून जायची. एका क्लासचे प्राध्यापक जीवशास्त्राच्या नोट्स घेऊन ताईंकडं आले. "ह्याचं मराठी करून द्याल का? पोरांना कळंल असं पाहिजे." इंग्रजीही ताईंना वडिलांनीच शिकवलेलं; त्यांनी केलं. त्यांचं मराठी इतकं सरळ होतं की त्या वर्षी पोरांनी मूळ नोट्स बाजूला ठेवून ह्याच झेरॉक्स वाचल्या. पुढच्या वर्षी तीन क्लास आले, त्याच्या पुढच्या वर्षी नऊ. समोरची खोली पुरेना. ताईंचा भाचा श्रीकांत व्यवहारात हुशार. त्यानं रीतसर कंपनी काढली, ताईंना प्रमुख केलं. तीस-पस्तीस माणसं, ओळीनं कॉम्प्युटर, भाषांतर, टायपिंग, छपाई सगळं एका छताखाली. मीही तिथंच लागलो. तयार पानं शेवटचं तपासून छपाईला सोडणं हे माझं काम.

ताईंना काचेची केबिन मिळाली, टेबलावर घंटी आली. सुरुवातीला प्रत्येक पान त्या स्वतः बघायच्या. मग दर दहावं. मग क्लासवाल्यांच्या बैठका, पगार, कुणाची रजा, कुणाचं भांडण. जुने कागद घेऊन माणसं अजून यायची, पण बाहेरच्या बाकड्यावर बसून कंटाळून जायची. काही वर्षांनी तीही यायची बंद झाली. आम्ही फाइल आत नेली की ताई सही करायच्या. झोकदार सही होती त्यांची.

एक दिवस हदगावकडचा एक शेतकरी आला, मारोती नावाचा. दोन तास बाकड्यावर बसला. आत सोडला तेव्हा त्यानं बंडीच्या खिशातून घडी केलेली, आमच्याकडंच छापलेली प्रश्नपत्रिका काढली. अकरावीला आलेल्या मुलांची ती पहिली परीक्षा. तिच्यावरून क्लासमध्ये हुशार पोरांची वेगळी बॅच पडायची. त्याची पोरगी सविता शेवटच्या बॅचमध्ये गेली होती.

"बाई, म्या आडानी माणूस," तो म्हणाला. "पर पोरगी म्हणती, ह्या सवालात चारातली तीन उत्तरं बराबर हायती. मंग इचारलंय काय?"

ताईंनी कागद घेतला. मी फाइल घेऊन तिथंच उभा होतो. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "खालीलपैकी कोणता प्राणी सस्तन? गाय, वटवाघूळ, देवमासा, कोंबडी." आणि थांबल्या. मग पुढचा प्रश्न वाचला, त्याच्या पुढचा वाचला. असे सहा निघाले.

"इथलं 'नाही' कुठं गेलं?" त्या हळूच म्हणाल्या. "'सस्तन नाही' असं असणार ना."

मारोती म्हणाला, "ते मला ठावं न्हाई. पोरगी घरला आलीया. म्हणती मला ह्यातलं कायबी कळत न्हाई, मी जात न्हाई आता."

ते 'नाही' कुठं गेलं ते मला माहीत होतं. त्या महिन्यात आम्ही नवीन फॉन्ट घेतला होता. जुन्या फाइलीतले जाड टायपातले शब्द नव्यात आले की त्यांचे नुसते चौकोन व्हायचे. प्रश्नातला 'नाही' आम्ही नेहमी जाड टायपात घ्यायचो. पानं सोडायची गडबड होती. मी ते चौकोन घाण समजून पुसून टाकले होते. मी फाइल टेबलावर ठेवली आणि बाहेर निघून आलो.

क्लासनं दुसऱ्या दिवशी गुण सुधारून लावले. श्रीकांत म्हणाला, "झालं, मिटलं." ताई म्हणाल्या, "त्या पोरीला कोण सांगणार?" आणि मला सोबत घेऊन एसटीनं निघाल्या. लातूरहून नांदेड, नांदेडहून हदगाव, तिथून मारोतीच्या गावापर्यंत जीप. सविता शेतात खुरपत होती. ताईंनी चपला हातात घेतल्या आणि काळ्या चिखलातून बांधाबांधानं तिच्यापर्यंत गेल्या.

"तुला कळलं होतं का ग, प्रश्नात काहीतरी चुकलंय?"

"हाव," ती खाली बघून म्हणाली. "पहिल्यांदा मी कोंबडीच लिहिणार होते. मग वाटलं, छापलेलं कसं चुकंल? आपल्यालाच कळंना झालंय."

"छापलेलं चुकतं," ताई म्हणाल्या. "त्याच्यावर माझी सही होती आणि मी ते वाचलं नव्हतं. चूक माझी आहे. तुझं बरोबर होतं."

एवढी मोठी बाई चिखलात उभी राहून आपल्याला हे सांगून राहिली, ह्यानंच पोरगी अवघडली. शेवटी म्हणाली, "मॅडम, घरी चला ना, चहा करते." चहा झाला. आठ दिवसांनी सविता परत लातूरला आली. डॉक्टर काही ती झाली नाही. हदगावला शाळेत विज्ञान शिकवते.

परतीच्या गाडीत ताई खिडकीबाहेर बघत होत्या. नांदेड मागं पडल्यावर म्हणाल्या, "दत्ता, मी शेवटचा कागद कधी वाचला रे?" मी आठवायला लागलो. मला आठवेना.

चार-पाच महिन्यांत त्यांनी कंपनी श्रीकांतच्या हवाली केली. सगळ्यांनी समजावलं, ह्या वयात काय हे. त्यांनी वडिलांचा उर्दू कोश आणि एक भिंग घेतलं आणि नांदेडला जाऊन राहिल्या. "लातुरात राहिले तर तुम्ही रोज फाइल घेऊन याल," म्हणाल्या.

सहा महिन्यांनी श्रीकांतनं मला नांदेडला पाठवलं. ताई गेल्यावर दोन मोठे क्लास तुटले होते. काहीही करून त्यांना परत आण, असं त्याचं सांगणं. गोदावरीकडं उतरणाऱ्या एका रस्त्यावर त्यांनी तळमजल्याची खोली घेतली होती. दारावर स्वतःच्या हातानं लिहिलेला पुठ्ठा, 'जुने उर्दू कागद वाचून मिळतील'. मला बघून इतक्या खूश झाल्या की टेबलावर हात फिरवत म्हणाल्या, "थांब, चहा सांगते." मग त्यांच्या लक्षात आलं. घंटी नव्हती आणि सांगायला कुणी नव्हतं. स्वतःच हसल्या आणि स्टोव्ह पेटवायला उठल्या.

"कसं चाललंय?" मी विचारलं.

"चालत नाही," त्या सरळ म्हणाल्या. "पहिले पंधरा दिवस कुणी आलंच नाही. एक पोरगा आला, त्याला राहायला खोली पाहिजे होती. मग एक माणूस कागद घेऊन आला. मी हातात घेतला, आणि दत्ता, मला वाचता आला नाही रे. अक्षरं ओळखीची, पण एकाही ओळीचा अर्थ लागेना. त्याला म्हटलं, मला येत नाही, आठ दिवसांनी या. तो कशाला येतोय!"

त्या पाठमोऱ्या होत्या, चहाकडं बघत. मला त्यांचे खांदे तेवढे दिसत होते. मला वाटलं, आता म्हणावं, चला परत. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"ताई, ते 'नाही' मी पुसलं होतं."

"माहीत आहे मला," त्या न वळता म्हणाल्या. "फाइलवर तुझं नाव होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"सही कुणाची होती?" त्यांनी चहा गाळला, कप माझ्यापुढं ठेवला. "पी. मग मला सोडायला चल. माझा क्लास असतो चार वाजता."

मला वाटलं, थट्टा करून राहिल्या. पण खरंच क्लास होता. पलीकडच्या मोहल्ल्यात त्यांच्या वडिलांचे विद्यार्थी काझी सर राहत होते. ऐंशीच्या पुढचे, डोळे अधू, कान मात्र तिखट. ताई रोज दुपारी त्यांच्याकडं जाऊन बसायच्या, जुन्या कागदाची एखादी नक्कल मोठ्यानं वाचायच्या आणि सर डोळे मिटून ऐकायचे. अडखळल्या की सर म्हणायचे, "बेटी, जल्दी काय को करते? नुक्ता खा गए तुम. पीछे जाओ." आणि साठीची बाई मान खाली घालून ओळीच्या सुरुवातीला जायची. मी दारात उभा राहून तासभर ते ऐकलं. त्या एक ओळ पाच वेळा चुकल्या. सहाव्यांदा नीट गेली, तेव्हा सरांनी मांडीवर थाप मारली, "आता हुई ना बात! मास्तरसाब की बेटी वाचून राहिली." ताईंनी माझ्याकडं पाहिलं. केबिनमधल्या दहा-बारा वर्षांत तो चेहरा मी पाहिला नव्हता.

लातूरला येऊन मी श्रीकांतला सांगितलं, त्या येणार नाहीत. त्यानं विचारलं, "तू नीट विनवलंस का?" मी हो म्हटलं. विनवलं नव्हतं.

हळूहळू त्यांचं काम जमलं. किनवट, बिलोली, कुठून कुठून माणसं यायला लागली. दोन भावांचं विहिरीवरून वाकडं होतं. त्यांच्या कागदात नेमकी विहिरीची ओळ फाटलेली. थोरला म्हणाला, "बाई, अंदाजानं लिवा की, आमच्या बाजूनं." ताईंनी लिहिलं, 'येथे कागद फाटला आहे'. तो तणतणत गेला. पुढच्या वर्षी पोरीच्या सासरचे काही जुने कागद घेऊन तोच परत आला. म्हणाला, "दुसऱ्याकडं नेले तर ते माझ्या मनचं वाचतेत."

मी वर्षातून दोन-तीनदा जायचो. काझी सर गेले तेव्हाही गेलो होतो. नंतर ताईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, गुडघे धरले, पण खोली बंद झाली नाही. मग एक दिवस श्रीकांतचा फोन आला, की सकाळी झोपेतच गेल्या.

त्यांचं शेवटचं दर्शन मला झालं ते त्याच्या पाच महिने आधी, नांदेडच्या बसस्थानकात. मी काही न कळवता गेलो, तर ताई दाराला कुलूप लावून निघालेल्या. देगलूरकडं एक म्हातारा अंथरुणाला खिळलेला. त्याच्याकडं कागद होता आणि तो दुसऱ्याच्या हाती द्यायला तयार नव्हता. फक्त वरच्या अर्ध्या पानाची झेरॉक्स त्यानं नातवाबरोबर पाठवली होती.

"मग ह्या गुडघ्यांनी तुम्ही जाणार?" मी म्हटलं.

"त्याला उठता येत नाही, मला येतं," त्या म्हणाल्या. "पिशवी धर."

बसस्थानकात देगलूरची गाडी भरत आलेली. मी आधी चढून खिडकीशी रुमाल टाकला, त्यांना हात देऊन बसवलं, पाण्याची बाटली मांडीवर ठेवली. पोचल्यावर फोन करा, परतीच्या गाडीची वेळ विचारून ठेवा, असं सगळं सांगत होतो. हाव, हाव, म्हणत होत्या. मी खाली उतरून खिडकीखाली येऊन उभा राहिलो. कंडक्टरनं घंटी मारली.

"ताई, येतो मी," मी मोठ्यानं म्हटलं.

त्यांनी झेरॉक्स काढून खिडकीच्या उजेडात धरली होती. ओठ हलत होते. गाडी मागं आली, वळली, फाटकाकडं निघाली. मी हात वर करून उभा होतो. त्यांनी वर पाहिलं नाही. पुढचं अर्धं पान देगलूरला होतं आणि तिथं पोचेपर्यंत त्यांना हे अर्धं लावायचं होतं.